भंडारदऱ्याला जाताय? नुसता धबधबा बघून माघारी फिरू नका! डांगाणातल्या दोन मुक्कामांच्या सहलीचं नियोजन

राजूर (ता. अकोले) : जुलै-ऑगस्ट आला की जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाच्या ग्रुपवर एकच विचारणा असते, "भंडारदरा किती भरलं?" धरण भरलं म्हणजे खाली आवर्तनाची काळजी मिटली. अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या तालुक्यांतला ऊस, घास, गहू, कांदा याच पाण्यावर उभा आहे. पण ज्या पाण्यावर आपलं घर चालतं ते पाणी अडतं कुठं आणि त्या पाण्याच्या काठावर राहतं कोण, हे बघितलेला शेतकरी फार थोडा. जे जातात तेही बहुतेक रविवारी पहाटे निघतात, धबधब्याखाली भिजतात, मोबाईलवर रील काढतात आणि रात्री घरी येतात. गावाला मागं राहतात त्या पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळ्या.

खरं तर हा परिसर निवांत दोन मुक्काम करून बघायचा आहे. डोंगर, तळं आणि धबधबे तर आहेतच. पण त्यासोबत हजार वर्षांचं कोरीव देऊळ, क्रांतिकारकाचं गाव, देशी बियाणांची बँक, पावसाला न भिणारी डांगी जनावरं आणि आपले सण आपल्या रीतीनं जपणारी माणसं इथं आहेत. सहलीचं नियोजन कसं करावं, कधी जावं, काय बघावं आणि कसं वागावं, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

परिसर नेमका कोणता?

अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग म्हणजे डांगाण. सह्याद्रीची मुख्य रांग इथूनच जाते. पलीकडे कडा तुटला की खाली थेट कोकण. राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच भागात. रतनगड, हरिश्चंद्रगड, अलंग, मदन, कुलंग हे किल्लेही याच मुलखात येतात.

या डोंगरांच्या मधोमध प्रवरा नदीवर भंडारदरा धरण आहे. काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. त्या वेळच्या मुंबई गव्हर्नरच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणत, आणि मागच्या तलावाला आर्थर लेक. धरणाची उंची सुमारे २७० फूट आणि साठवण क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. दगडी बांधकामाचं हे धरण शंभरीला पोचलं तरी कामावर आहे. १९६९ साली त्याला भेगा पडून गळती लागली होती, त्यानंतर पाठीमागून आधार देऊन ते भक्कम करण्यात आलं.

धरणातून सुटलेलं पाणी नदीनं संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. या कालव्यांमुळं प्रवरा काठ उसाचा झाला आणि पुढं १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अलीकडं खालच्या बाजूला ८ हजार ३२० दशलक्ष घनफूट क्षमतेचं निळवंडे धरण झालं, त्याच्या डाव्या कालव्याचं उद्घाटन २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये झालं.

तलावाभोवतीचं बरंचसं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. १९८६ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरपेक्षा जास्त आहे. म्हणजे आपण नुसत्या पिकनिक स्पॉटवर नाही, तर अभयारण्यात आणि लोकांच्या गावात जातोय, हे आधी डोक्यात पक्कं ठेवावं.

कधी जावं?

प्रत्येक महिन्यात डांगाण वेगळं दिसतं. आपल्या शेतीचं काम कधी सैल होतं ते बघून महिना ठरवावा.

• मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा : काजव्यांचे दिवस. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री लुकलुकत असतात. दिवसा ऊन कडक आणि डोंगर उघडे असतात.

• जुलै-ऑगस्ट : मुसळधार पाऊस, धुकं, धबधबे. खाचरांत भाताची आवणी चालू असते. बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरतं. याच काळात शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टला प्रचंड गर्दी होते, पोलीस एकेरी वाहतूक करतात आणि गाड्या तासन् तास अडकतात. जमलं तर मंगळवार-बुधवार धरावा.

• सप्टेंबर-ऑक्टोबर : कुटुंबाला घेऊन जायला सगळ्यात चांगला काळ. पाऊस उतरलेला, तळं भरलेलं, उतारावर खुरासणी आणि सोनकी पिवळीधमक. नवरात्रात कळसूबाईची यात्रा असते.

• दिवाळीच्या तोंडावर : वसुबारसेच्या दिवशी इथं वाघबारस असते. गावची रीत बघायची तर हा दिवस.

• डिसेंबर-जानेवारी : कडाक्याची थंडी, आकाश निरभ्र. गड चढायला उत्तम. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन साधारण डिसेंबरच्या सुमारास भरतं, तारीख दरवर्षी वेगळी असते, ती आधी विचारून घ्यावी.

• मार्च-एप्रिल : गावोगावच्या जत्रा आणि बोहाड्याचा हंगाम. पण पाण्याची टंचाई असते, याचं भान ठेवावं.

कसं जावं?

संगमनेरहून अकोले साधारण २२ किलोमीटर, अकोल्याहून राजूर तेवढंच आणि राजूरहून शेंडी पंधराएक किलोमीटर. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचं गाव, मुक्कामाच्या आणि जेवणाच्या सोयी इथं जास्त आहेत. रस्ता म्हणजे कोल्हार-घोटी राज्यमार्ग. नाशिक किंवा मुंबईकडून येणाऱ्यांनी घोटीवरून बारीमार्गे यावं, जवळचं मोठं रेल्वे स्टेशन इगतपुरी.

एसटीनं जायचं तर अकोले किंवा राजूरपर्यंत गाडी मिळते. पुढं फेऱ्या कमी, त्यामुळं परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्यावी. तलावाभोवतीची गावं बघायला मात्र स्वतःची गाडी किंवा राजूर-शेंडीची भाड्याची जीप लागतेच. तलावाला वळसा घालणारा रस्ता चाळीसएक किलोमीटरचा आहे, पण वळणं आणि थांबे धरून पूर्ण दिवस जातो.

डिझेल-पेट्रोल अकोल्यातच भरून घ्यावं. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण रतनवाडी, साम्रद, घाटघर भागात मोबाईलची रेंज कधी असते कधी नसते, आणि रेंज नसली की फोनवरून पैसे पाठवणंही बंद.

घरी दुभती जनावरं असतील तर

शेतकऱ्याची सहल अडते ती इथंच. दोन रात्री बाहेर राहायचं तर धारा कोण काढणार? यावर उपाय म्हणजे भावकीतल्या किंवा शेजारच्या दोन-तीन घरांनी पाळी लावून घ्यावी. या खेपेला दोन घरं जातील, तिसरं घर धारा-वैरण बघेल, पुढच्या खेपेला उलट. तेही जमत नसेल तर एकाच मुक्कामाची सहल करावी. सकाळची धार काढून निघालं तर संगमनेर, श्रीरामपूर भागातून दुपारपर्यंत शेंडी गाठता येते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या धारेला माघारी येता येतं. तेवढ्यात धरण, रंधा आणि रतनवाडी होतं. कालव्याचं आवर्तन, ऊसतोड किंवा कांदा काढणी कधी आहे तेही आधी बघावं, नाहीतर अर्धं मन वावरात राहतं.

मुक्काम ठरवताना

पर्यटन महामंडळाचं निवास भंडारदऱ्याला आहे, खासगी हॉटेलं आहेत आणि तलावाकाठी तंबूही लागतात. पण कुटुंब घेऊन गावचं जगणं बघायचं असेल तर गावातल्याच माणसाच्या घरी किंवा त्यानं चालवलेल्या तंबूत उतरणं चांगलं. खोलीला चकाकी कमी असेल, पण चुलीवरची भाकर मिळते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलणं होतं आणि पैसा गावात राहतो. बाहेरच्या ठेकेदाराला पैसे दिले तर नफा त्याच्याबरोबर जातो आणि गावाला कचरा राहतो.

ऑनलाइन बुकिंग करताना फोटोवर जाऊ नये. पैसे पाठवण्याआधी या गोष्टी फोन करून विचाराव्यात :

१) जागा नेमक्या कोणत्या गावात आहे? शेंडी, मुरशेत, मुतखेल, रतनवाडी की आणखी कुठं?
२) चालवणारा माणूस गावातला आहे का?
३) जेवण किती वेळा, त्यात काय काय?
४) संडास-बाथरूम किती जणांत एक? बायामाणसांसाठी वेगळी सोय आहे का?
५) पाऊस जास्त झाला किंवा रस्ता बंद झाला तर पैसे माघारी मिळतील का?
६) अॅडव्हान्स किती? सगळे पैसे आधी मागणाऱ्यापासून सावध राहावं.

तलावाच्या अगदी काठावर तंबू घेऊ नये. पावसाळ्यात पाणी रात्रीत चढतं आणि वाराही सोसाट्याचा असतो.

दिवस पहिला : अकोले, राजूर, रंधा, धरण

अकोल्यात नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. गावातच सिद्धेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे, अर्धा तास थांबून बघण्यासारखं. वेळ असेल आणि जुन्या देवळांची आवड असेल तर आढळा नदीकाठच्या टाहाकारीचं जगदंबेचं कोरीव मंदिरही याच तालुक्यात आहे, पण त्याला वाकडी वाट करावी लागते.

पुढं राजूर. डांगाणाची ही बाजारपेठ. इथले पेढे प्रसिद्ध आहेत. औषधं, टॉर्चचे सेल, बिस्किटं, जी काही खरेदी राहिली असेल ती इथंच करावी.

राजूरहून शेंडीकडे जाताना रंधा धबधबा लागतो. प्रवरा इथं सुमारे १७० फूट खाली कोसळते. शेजारी घोरपडादेवीचं मंदिर आहे. दर्शन घेऊन कठड्याच्या आतूनच धबधबा बघावा.

संध्याकाळी धरण. पाणी सुटलेलं असेल तर भिंतीखाली खडकावरून छत्रीसारखं पसरत पडतं, त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. तो कायम नसतो, विसर्ग चालू असेल तरच दिसतो. घरातल्या पोरांना इथं उभं करून सांगावं, आपल्या उसाच्या सरीत येतं ते पाणी हेच.

दिवस दुसरा : तलावाचा फेरा

सकाळी लवकर निघून शेंडीहून मुतखेलमार्गे रतनवाडी गाठावी. गर्दीच्या दिवशी पोलीस सांगतील त्याच दिशेनं फेरा घ्यावा लागतो. अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्यावी आणि परत येईपर्यंत जपून ठेवावी.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हे या सगळ्या सहलीचं मुख्य ठिकाण म्हणायला हरकत नाही. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात, पण जाणकार ते त्याच्याही आधीचं, शिलाहार राजांच्या काळातलं मानतात. शिखराकडे नीट बघितलं तर खालून वरपर्यंत लहान लहान शिखरांच्या ओळी चढत गेलेल्या दिसतात. भिंती, खांब, छत, सगळीकडे कोरीव काम. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साठतं आणि पिंड पाण्याखाली जाते. देवळाजवळच चौकोनी पुष्करणी आहे, तिच्या भिंतींत कोनाडे आणि त्यांत मूर्ती आहेत. पुष्करणीत पाय धुणं, पोहणं, बाटल्या टाकणं हे प्रकार काही जण करतात, ते करू नये.

मागं दिसतो तो रतनगड. प्रवरेचा उगम याच डोंगरात. समुद्रमंथनानंतर देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूचा गळा विष्णूनं कापला, त्या गळ्यातून अमृत वाहिलं आणि तीच अमृतवाहिनी प्रवरा झाली, अशी कथा इथली माणसं सांगतात. गंमत अशी की याच नदीच्या खालच्या टोकाला नेवाशात मोहिनीराजाचं मंदिर आहे आणि तिथं हीच अमृत वाटणाऱ्या मोहिनीची कथा सांगतात. राहुरीच्या नावाशीही लोक राहूचीच कथा जोडतात. नदीच्या दोन्ही टोकांना एकच गोष्ट आहे. मधे आपण सगळे.

गड चढायचा असेल तर तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम ठेवावा. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर कातळाला आरपार मोठं भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये.

रतनवाडीहून पुढं साम्रद. इथं सांदण दरी आहे, दोन उभ्या कातळांच्या मधली अरुंद खोल घळ. पावसाळ्यात तिच्यात अचानक लोंढा येतो, त्यामुळं पावसाचे चार महिने खाली उतरायचं नाहीच. हिवाळ्यातही वाटाड्या बरोबर हवा.

नंतर घाटघर. जिल्ह्यात सर्वात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत याचं नाव पहिलं, म्हणून त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. कोकणकड्यावरून खाली कोकण आणि बाजूला अलंग, मदन, कुलंग दिसतात. अर्थात धुकं असेल तर दहा फुटांवरचंही दिसत नाही. इथंच घाटघर जलविद्युत प्रकल्प आहे, क्षमता २५० मेगावॅट. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. शाळकरी पोरांना हे समजावून सांगण्यासारखं आहे.

उडदावणे, पांजरे, मुरशेतमार्गे संध्याकाळी पुन्हा शेंडी.

दिवस तिसरा : कळसूबाई किंवा कोंभाळणे

घरात जवान पोरं असतील तर बारी गावातून कळसूबाई चढावं. वर जायला तीन-साडेतीन तास धरावेत. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही अशी तिची अट होती. एक दिवस तेच काम तिला लावलं, तेव्हा ती रागानं डोंगरावर निघून गेली ती कायमची, अशी आख्यायिका आहे. राज्यातल्या सर्वात उंच शिखराला एका कामकरी मुलीचं नाव आहे, हे विसरू नये.

ज्यांना चढणं जमत नाही आणि शेतीत रस आहे त्यांनी परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून कोंभाळणे गाठावं. बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं हे गाव. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी गावरान वाणांचं बियाणं जमवून बियाणे बँक उभी केली, त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाल, घेवडा, भात, नागली, भाजीपाला यांचे किती वाण आपल्याकडून हरवले ते इथं कळतं. जाण्याआधी फोनवर विचारून जावं. ते त्यांचं राहतं गाव आहे, प्रदर्शनाचा हॉल नाही.

देवगाव हेही याच तालुक्यात. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे यांचं हे गाव. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. पोरांच्या पुस्तकात हे नाव सापडेलच असं नाही, म्हणून इथं थांबून सांगावं.

इथली माणसं आणि त्यांची रीत

या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे, सोबत ठाकर समाज आहे. भात, नागली, वरई, खुरासणी ही पिकं आणि रानातला हिरडा ही मुख्य कमाई. भात लावण्याआधी उन्हाळ्यात राब भाजतात, पावसात आवणी करतात.

वाघबारसेला गुराखी आणि गावकरी वाघोबाला पुजतात, जनावरांना सांभाळ म्हणून साकडं घालतात. ज्या रानात वाघ-बिबट्या आहे तिथं त्याला नुसता शत्रू न मानता देव मानून राहायची ही जुनी पद्धत. बिबट्याच्या भीतीनं उसात जायला कचरणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी ती मुद्दाम समजून घ्यावी.

बोहाडा म्हणजे देवदेवतांचे मुखवटे चढवून रात्रभर निघणारी सोंगं. ठाकर समाजाचा कांबड नाच असतो. हे कार्यक्रम गावच्या देवासाठी असतात. पैसे देतो, आत्ता नाचून दाखवा, असं म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. जत्रेच्या दिवशी गेलं तर पाहुणा म्हणून मागं बसून बघावं, नारळ-वर्गणी द्यावी.

डांगी गाय-बैल बघायला विसरू नये. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कातडी तेलकट. त्या तेलकटपणामुळं मुसळधार पावसातही जनावर टिकतं. आपली संकरित गाय इथं एक पावसाळा काढील का, याचा विचार केला की देशी जातीची किंमत कळते.

जेवणात काय मागावं?

पंजाबी भाजी घरीही ढाब्यावर मिळते. इथं नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, वरईचा भात, हुलग्याचं कालवण, पावसाळ्यात रानभाज्या, तलावातले मासे मागावेत. सुवासिक स्थानिक तांदूळ, हिरडा, मध, करवंदं-जांभळं गावातल्या बाईकडून थेट विकत घ्यावीत आणि घासाघीस करू नये. आपल्या मालाला व्यापारी भाव पाडून मागतो तेव्हा आपल्याला कसं वाटतं, ते आठवावं.

काजवे बघताना

काजव्यांची माद्या बहुतेक जमिनीलगत, गवतात असतात. रस्ता सोडून रानात गाडी घातली की त्या चाकाखाली जातात. गाडीचे दिवे आणि मोबाईलचा टॉर्च चालू राहिला तर नर-मादीला एकमेकांची खूण दिसत नाही आणि पुढच्या वर्षीची पैदास बुडते. म्हणून गाडी लांब लावावी, दिवे बंद करावेत, पायवाटेनंच जावं, गाणी लावू नयेत, झाड हलवू नये. रात्रीच्या प्रवेशाला वनविभाग वेळेची मर्यादा घालतो, ती नाक्यावर विचारावी.

जीव सांभाळा

दरवर्षी पावसाळ्यात सह्याद्रीत माणसं वाहून जातात आणि बहुतेकदा कारण एकच, "काही होत नाही, पुढं चल." म्हणून :

• धबधब्याच्या डोहात उतरू नये. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं की लगेच काठ सोडावा.
• धरणातून विसर्ग वाढला की नदीचं पात्र क्षणात भरतं. भोंगा वाजला की पात्राबाहेर पडावं.
• रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये.
• कड्याच्या टोकावर, शेवाळलेल्या दगडावर सेल्फी नको.
• बोटीत लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत बसू नये, कितीही जण आग्रह करोत.
• वीज कडकडत असताना गडावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये.
• दारू पिऊन पाण्याजवळ जाणं म्हणजे घरच्यांना पोरकं करणं.
• जवळचं ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे. रुग्णवाहिकेला १०८, पोलीस मदतीला ११२. रेंज कुठं मिळते ते मुक्कामाच्या घरी आधीच विचारून ठेवावं.
• बीपी, शुगर, दम्याच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात.

बरोबर काय घ्यावं?

रेनकोट (छत्री वाऱ्यात टिकत नाही), घट्ट पकडीचे बूट, कपड्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, टॉर्च, स्वेटर, पाण्याची स्टीलची बाटली, ओआरएसची पाकिटं, ओळखपत्र आणि कचऱ्यासाठी एक रिकामी गोणी. ही गोणी भरून माघारी आणायची आहे. अकोल्यात किंवा आपल्या गावात घंटागाडी आहे, रतनवाडीच्या रानात नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं

डांगाणात जून ते सप्टेंबर पाऊस धो धो पडतो, तरी त्याच भागातल्या अनेक वाड्या-वस्त्यांवरच्या बाया एप्रिल-मे महिन्यात हंडा घेऊन डोंगर उतरतात. खाली तळ्यात पाणी दिसतं, पण वर वस्तीवर ते पोचत नाही. डोंगरातलं पाणी उतारानं वाहून जातं आणि साठलेलं पाणी कालव्यानं आपल्याकडे येतं. म्हणून उन्हाळ्यात मुक्कामाला गेलं तर एका बादलीत अंघोळ उरकावी. हंडा घेऊन चाललेल्या बाईचा फोटो न विचारता काढू नये. त्यापेक्षा गाडी थांबवून, "मावशी, पाणी कुठून आणता?" एवढं विचारावं आणि उत्तर नीट ऐकून घ्यावं.

आवर्तन लांबलं की आपण कालव्यावर जाऊन भांडतो, ते हक्काचंच आहे. पण ज्यांच्या जमिनी त्या तळ्याखाली गेल्या आणि ज्यांच्या डोंगरावर तो पाऊस पडतो, त्यांच्या घरी एकदा तरी पाहुणा म्हणून जावं. चार पैसे त्यांच्या हातात द्यावेत, त्यांच्या चुलीवरची भाकर खावी आणि त्यांना आपल्या गावाला यायचं आवतण देऊन यावं.